देव्हाऱ्यातली चकती आणि बसऱ्याला गेलेला शिपाई

हे प्रकरण पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या, खारपाणपट्ट्यातल्या एका गावचं आहे. गाव, घर आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत. पहिल्या महायुद्धात मेलेल्या एका वऱ्हाडी शिपायाची खूण शंभर वर्षं या घरात होती. ती कोणाची, हे मात्र घरात कोणालाच माहीत नव्हतं. उलगडा झाला तो नेमका घराची वाटणी चालू असताना. त्यामुळे ती वस्तू कोणाच्या नावाची हे कळायच्या आधीच कोणाच्या हिश्श्याची यावरून वाद सुरू झाला. पुढची बहुतेक गुंतागुंत या उलट्या क्रमातून झाली, असं माझं मत आहे.

मी तालुक्याच्या ठिकाणी इतिहास शिकवतो. या घरची नातसून माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून मला बोलावणं आलं.

पार्श्वभूमी

घर कुणब्याचं. वाडा जुना, मातीच्या भिंतींचा, सागवानी खांबांचा. तीन भाऊ, तिघांची बिऱ्हाडं एकाच वाड्यात. शेती कपाशी, तूर, सोयाबीन आणि पाणी साधलं तर हरभरा. तिघांची आई नव्वदी ओलांडलेली, घरात सगळे तिला आजीच म्हणतात. एका पावसाळ्यात वाड्याची मागची भिंत बसली आणि वर्षानुवर्षं टळत आलेली वाटणी अंगावर आली. शेताचे हिस्से झाले, भांड्यांचे झाले, गुरांचे झाले. देव राहिले.

देव्हाऱ्यात खंडोबाचा, भवानीचा, बहिरोबाचा असे चांदीचे छोटे टाक होते. त्यांच्या मागे, भिंतीला टेकवून, एक मोठी काळपट गोल चकती. तिच्यावर एक उभी बाई, डोक्यावर मुकुट, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. घरचे तिला ‘सिंहवाली’ म्हणत. नवरात्रात तिला माळ, मंगळवारी हळदकुंकू. ती कुठून आली, असं विचारलं की ‘पह्यलेपासून हाय’ एवढंच उत्तर.

वाटणीआधी देव उजळायचे म्हणून नातसुनेनं देव्हारा उतरवला. चिंच लावण्याआधी तिनं चकती ओल्या फडक्यानं पुसली, तर काठावरचं कुंकू सुटून इंग्रजी अक्षरं दिसली. घरातल्या पुरुषांना इंग्रजी वाचता येत होतं, पण त्यांनी देवाला कधी हातात घेऊन निरखलं नव्हतं. ते लांबूनच नमस्कार करत. देव हाताळायच्या त्या सासवा-सुना, आणि आधीच्या सुनांना इंग्रजी येत नव्हतं. ही पहिली जिला दोन्ही गोष्टी लागू होत्या. तिनं चिंच बाजूला ठेवली, फोटो काढला आणि मला पाठवला. पुढे जे काही साधलं, त्यात सर्वात मोलाची ही तिची कृती.

चकती म्हणजे काय

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूनं लढताना जे मेले, त्यांच्या सर्वात जवळच्या नातलगाला सरकारनं काशाची एक चकती पाठवली. व्यास सुमारे १२ सेंटिमीटर. तिच्यावर ब्रिटानिया ही त्या देशाचं प्रतीक मानलेली स्त्री, हातात त्रिशूळ, शेजारी सिंह, बाजूला दोन डॉल्फिन. काठावर इंग्रजीत वाक्य, ज्याचा अर्थ ‘तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला’. आणि एका चौकटीत मृताचं नाव, उठावाच्या अक्षरांत. अशा १३ लाखांहून जास्त चकत्या ओतल्या गेल्या. भारतीय सैन्यातले सुमारे ७४ हजार जण त्या युद्धात मेले, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरीही त्या पोचल्या.

त्रिशूळ आणि सिंह एकत्र पाहिल्यावर वऱ्हाडातल्या बाईनं तिला देवी मानलं, तर त्यात अडाणीपणा काहीच नाही. टाक करून पूर्वजाला देव्हाऱ्यात बसवण्याची रीत आपल्याकडे आहेच. गेलेल्या मुलाच्या नावानं धातूची गोल वस्तू घरी येते, तिच्यावर सिंह आणि त्रिशूळ असतो. ती दुसरीकडे ठेवणार तरी कुठे?

याच चकतीसोबत त्या शिपायाची पदकंही आली असणार. त्या युद्धात रणभूमीवर गेलेल्यांना प्रामुख्यानं दोन पदकं मिळाली. एक चांदीचं, ‘ब्रिटिश वॉर मेडल’. दुसरं पिवळसर काशाचं, पंखवाल्या विजयदेवतेचं, ‘व्हिक्टरी मेडल’. १९१५ अखेरपर्यंत जे रणांगणावर पोचले, त्यांना याशिवाय एक तारा. चकतीवर फक्त नाव असतं. हुद्दा, नंबर, पलटण काही नाही. मरणात सगळे सारखे, या विचारानं ते मुद्दाम गाळलेलं होतं. या दोन पदकांचं वेगळं. त्यांच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे दाते असतात त्या जागी, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. ओळख पटवायची तर खरा कागद तोच.

या घरात पदकं नव्हती.

अडचण

एकाच वेळी तीन गोष्टी अंगावर आल्या.

धाकट्या भावाच्या मुलानं फोटो गावातल्या ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत एका मोठ्या शहरातल्या संग्राहकाकडे गेला आणि त्याचा फोन आला. एका चांगल्या गोऱ्ह्याच्या किमतीएवढे पैसे तो द्यायला तयार होता. बाहेरदेशी गिऱ्हाईक आहे, असंही म्हणाला. धाकट्या भावावर त्या वर्षी कर्ज होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: “देवी असती तर इकली नसती. पन थे इंग्रजायची बाई हाय, तिले ठेवून काय करता?”

ग्रामपंचायतीला वाटलं, चकती शाळेत लावावी, गावाचं नाव होईल.

आणि थोरल्यांना वाटलं, देव्हारा थोरल्या घरचा, तेव्हा त्यातलं सगळं आपल्याकडे. मधले दोघांच्या मधे पडून गप्प.

या गदारोळात आणखी एक प्रश्न होता, तो घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोरानं विचारला. इंग्रजांनी लढायला नेलं, इंग्रजांसाठी मेला, त्याचं आपण कौतुक कशाला करायचं? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि तो दाबून टाकू नये. त्या काळी शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. १८९९-१९०० च्या दुष्काळानं वऱ्हाडाची दैना केली होती. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत कोरडवाहू घरातल्या एका पोरानं त्या ११ रुपयांसाठी नाव नोंदवलं असेल, तर ते कोणाच्या साम्राज्यासाठी म्हणून नव्हे. चकतीवरचं स्वातंत्र्य त्याच्या देशाला तेव्हा नव्हतंच. हे सगळं खरं असूनही तो या घरचा मुलगा होता आणि परत आला नाही. कौतुक करायचं की नाही, हा पुढचा प्रश्न; आधी त्याची ओळख तरी पटवू या, असं मी त्याला म्हटलं. पुढच्या शोधात सर्वात जास्त राबला तो हाच पोरगा.

नाव सापडलं, माणूस सापडेना

चकतीवरचं नाव वाचणं सोपं नव्हतं. शंभर वर्षांच्या हळदकुंकवानं अक्षरांच्या खाचा भरल्या होत्या, आणि दर सणाला चिंच आणि राखेनं घासून त्यांचे कंगोरे गुळगुळीत झाले होते. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी चकतीला अगदी समांतर, तिरपी धरली तेव्हा सावलीत अक्षरं उठून आली. नाव आणि बापाचं नाव असावं असा एक शब्द. आडनाव नाही. त्या नावाची माणसं वऱ्हाडात गावोगाव.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था १९१७ पासून दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या नोंदी सांभाळते आणि त्या नोंदी कोणालाही ऑनलाइन, फुकट पाहता येतात. भारतीय शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. अडचण लिहिण्यात आहे. पलटणीच्या कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं. अमरावतीचं स्पेलिंग तेव्हा ‘अमराओती’ असं, यवतमाळचं ‘येओतमाल’ असं. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेलं, म्हणून कधी प्रांताचं नाव एक, कधी दुसरं. शिवाय १९०५ मध्ये जिल्ह्यांची फेररचना झाली: एलिचपूर जिल्हा अमरावतीत गेला, वाशीम अकोल्यात, वणीचं नाव यवतमाळ झालं. जुन्या कागदावरचा जिल्हा आजच्या नकाशावर शोधला तर माणूस हरवतोच. त्या पोरानं नावाची निरनिराळी रूपं लिहून काढली आणि एकेक टाकून पाहिली.

शेवटी दोन नोंदी उरल्या. पहिली एका मराठा पलटणीतल्या शिपायाची, मृत्यू १९१६ च्या सुरुवातीचा, गावाचं नाव असं वाकडं लिहिलेलं की ते जिल्ह्यातल्या दोन गावांना लागू पडावं. दुसरी नोंद वेगळ्या पलटणीची, तिच्यात पत्ताच नाही.

दुसरीकडे आपल्याकडची साधनं. शाळेच्या जुन्या खोलीत चुन्याखाली एक संगमरवरी पाटी निघाली. अशा पाट्या युद्धानंतर सरकारनं देशभर गावोगाव बसवल्या होत्या: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. इथे सात गेले, दोन मेले. नावं नाहीत. पण गावातून कोणीतरी गेलं होतं, याला दगडाचा आधार मिळाला.

मग नाशिक. तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत गावाप्रमाणे, कुळाप्रमाणे वंशावळी असतात. जो यात्रेला जाईल तो आपली पिढी लिहून, सही किंवा अंगठा करून येतो. या घराची नोंद मिळाली. १९३० च्या दशकात आजीच्या सासऱ्यांनी येऊन नावं सांगितली होती, आणि त्यात थोरल्या भावाच्या नावापुढे ‘बसऱ्याकडे लढाईत वारले, संतती नाही’ असं मोडीत लिहिलेलं होतं. नाव चकतीशी जुळलं. बापाचं नावही जुळलं. पहिल्या नोंदीशीही दोन्ही जुळली, पण दुसरी नोंद बाद करण्याइतका पुरावा अजून नव्हता. नाव आणि बापाचं नाव दोन्ही सारखी असलेले दोन शिपाई असू शकतात. त्या काळच्या नोंदींत हे फार आढळतं.

त्या काळी बसरा म्हणजे अख्खा मेसोपोटेमिया, आजचा इराक. पहिली नोंद खरी असेल तर हा शिपाई सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होता. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या डिव्हिजनमध्ये होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या दाराशी टेसिफोनला या सैन्याची फार हानी झाली, ते मागे हटलं आणि टायग्रिसच्या काठी कुत-अल-अमारा या गावात वेढलं गेलं. वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न संपलं, घोडे कापून खायची वेळ आली. पुष्कळ भारतीय शिपायांनी ते मांस धर्मापायी बरेच दिवस नाकारलं, आणि उपासानं, स्कर्व्हीनं माणसं गेली. शेवटी सुमारे १३ हजार जण शरण गेले, त्यांत बहुसंख्य भारतीय. हा शिपाई त्याआधीच, वेढ्यातच गेला होता.

अशा मृतांसाठी बसरा स्मारक उभं राहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं माहीत नसलेल्या ४० हजारांहून जास्त जणांचं ते स्मारक आहे. पण भारतीय सैन्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं त्याच्या दगडावर कोरली गेली. साधे शिपाई पलटणीनुसार आकड्यांत मोजले गेले. या भेदभावाबद्दल, मृतांच्या नोंदी सांभाळणाऱ्या त्याच वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. म्हणजे त्या वाळवंटातल्या दगडावर आपल्या या माणसाचं नाव नाही, तो एका संख्येत आहे. नाव होतं ते वऱ्हाडातल्या एका देव्हाऱ्यात, कुंकवाखाली.

पहिला निर्णय : विकायचं नाही

धाकट्यांच्या कर्जाचा विषय मी हलका मानला नाही. पण संग्राहकाच्या सौद्यात कायद्याचा अडसर होता, तो तिघा भावांसमोर मांडला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. चकती युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली, म्हणजे शंभरी ओलांडलेली. बाहेरदेशी गिऱ्हाईक आहे म्हणणाऱ्याला ती देणं म्हणजे स्वतःच्या गळ्यात फास घेणं.

कायदा ऐकून धाकटे थांबले, पण पटून नव्हे. पटलं ते पुढे. थोरल्यांनी वाटणीच्या हिशोबात एक दुभती म्हैस धाकट्यांच्या बाजूला सरकवली आणि वर एक शब्द बोलले नाहीत. चकतीची किंमत म्हणून ती दिली, असं कोणी म्हणालं नाही. घराघरातल्या वाटण्या अशाच सुटतात, आणि मला हा तोडगा कायद्याच्या कलमाहून पक्का वाटतो.

दुसरा निर्णय : आजीला सांगायचं

देवी देवी नाही, हे आजीला सांगावं का? थोरल्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा ठाम विरोध होता. नव्वदीतल्या बाईचा देव काढून घेऊ नये. नातसुनेचं म्हणणं वेगळं: आजी ही एकटीच आहे जिनं त्या शिपायाच्या भावजयीला, म्हणजे स्वतःच्या सासूला, पाहिलंय. तिला न विचारता आपण दगडं आणि चोपड्या धुंडाळत बसलोय.

नातसुनेचं ऐकलं गेलं. तिनंच सांगितलं, जवळ बसून, चकती मांडीवर ठेवून. आजी बराच वेळ अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग काय झालं माय? थो तं आमचाच हाय ना. शंभर वरसं आमच्या हातचं कुंकू त्याच्या नावावर पडलं, थे वाया गेलं काय?”

आणि त्यानंतर त्यांना जे आठवलं, त्यानं प्रकरणाची दिशा बदलली. सासूच्या हातात एक जाड चांदीचं कडं होतं, ‘राजाचं तोंड वितळवून’ केलेलं. म्हणजे चांदीचं पदक. त्यात साधारण अडीच तोळे चांदी असते; एखाद्या नापिकीच्या वर्षी सोनाराकडे गेलं असणार. कडंही पुढे मोडलं. चांदी मोलाची, म्हणून गेली. काशाला सोनार विचारत नाही आणि देवाला कोणी मोडत नाही, म्हणून चकती राहिली. घरोघरच्या पदकांचं असंच झालेलं मी पाहिलंय.

दुसरी आठवण त्याहून मोठी. त्या शिपायाला बायको होती.

तिसरा निर्णय : सासर सोडून गेलेली सून

नवरा गेला तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची असेल. मूल नव्हतं. काही वर्षांनी तिच्या माहेरच्यांनी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून दिला. आजीला गावाचं नाव आठवत होतं, चार-पाच कोसांवरचं. “जातानी थे पिवळं तेवढं घेऊन गेली, असं सासू सांगे.”

पिवळं. मला लगेच व्हिक्टरी मेडल आठवलं, आणि त्याच्या कडेवरची अक्षरं.

इथे सर्वात लांबली ती चर्चा. थोरले त्या घरी जायला तयार नव्हते. पाटाची गोष्ट उकरून काढायला संकोच होता, पण खरी भीती जमिनीची होती. वाटणी तोंडावर, अशात त्या बाईचे वंशज दारात आणून बसवायचे आणि त्यांनी हिस्सा मागितला तर? भीती खोटी म्हणून उडवून लावण्यात अर्थ नव्हता, तेव्हा ती एका वकिलासमोर ठेवली. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याप्रमाणे विधवेनं पुन्हा लग्न केलं की मृत नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपत असे. त्यात मूलबाळ नाही, आणि शंभर वर्षं लोटलेली. जमिनीचा प्रश्न उभाच राहत नाही, असं त्यांनी सांगितलं.

तो कायदा त्या बाईशी न्यायानं वागला, असं मी म्हणणार नाही. सोळा वर्षांच्या पोरीला नवरा गेल्यावर एकतर जन्मभर त्याच्या नावानं बसायचं, नाहीतर रिकाम्या हातांनी उठायचं, असे दोनच रस्ते होते. ती उठली आणि हाती आलं ते पदक घेऊन गेली. चांदीचं सासरीच राहिलं. या घरात तिचं नावसुद्धा उरलं नव्हतं.

मधले भाऊ, जे आतापर्यंत गप्प होते, ते म्हणाले, “मी जातो.” आणि गेले, नातसुनेला घेऊन.

त्या घरी आधी संशय, मग चहा, मग एक पत्र्याचा डबा. डब्यात जुन्या पावत्या, एक फुटकी काजळाची डबी आणि पदक. फीत केव्हाच कुजलेली. त्या घरात ती ‘बुढीच्या पह्यल्या घरची वस्तू’ म्हणून ठेवलेली होती. कोणी विचारायला येईल असं कोणाला वाटलं नव्हतं, टाकायचंही कोणाला सुचलं नव्हतं. कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण. पहिल्या नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळलं. दुसरी नोंद बाद झाली.

त्या बाईचं नावही मिळालं. नाशिकच्या चोपडीत, बसऱ्याच्या ओळीत, ते नव्हतं.

ठेवायचं कुठे

आता दोन वस्तू, दोन घरं आणि शाळा. संग्रहालयाचा पर्याय मी मांडला होता. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, लोक ज्याला अजब बंगला म्हणतात, किंवा बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. पलटणीच्या केंद्राला अशा वस्तूचं मोल कळतं. पण दोन्ही घरांनी नको म्हटलं, आणि मी आग्रह धरला नाही. संग्रहालयात वस्तू सुरक्षित राहते हे खरं. मात्र हिचा शंभर वर्षांचा इतिहासच देव्हाऱ्यातला आहे, तो काचेमागे नेता येत नाही.

शाळेत मूळ चकती लावायलाही मी विरोध केला. बंद वर्गखोल्यांतून पंखेसुद्धा चोरीला जातात. साचा घेऊन प्रत ओतायची सूचना आली; झिजलेल्या अक्षरांवर साच्याचा ताण नको म्हणून तीही सोडली. शेवटी फोटोवरून काळ्या दगडावर त्याचं नाव, पलटण, मृत्यूचं वर्ष आणि ठिकाण कोरून तो दगड जुन्या संगमरवरी पाटीखाली बसवायचा, असं ठरलं. त्याच्या बायकोचं नाव घालायचं का, यावर ग्रामसभेत थोडी कुजबुज झाली. ते घातलं. आजी हटून बसल्या होत्या.

काय झालं

तिघा भावांनी स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. चकती कोणाच्या हिश्श्याची नाही. ती विकायची नाही, मोडायची नाही, चिंचेनं घासायची नाही. तीन घरांत तीन-तीन वर्षांच्या पाळीनं राहील; ज्याची पाळी, त्याच्याकडे नवरात्र. पदक दुसऱ्या घरीच राहिलं आणि ते तिथेच राहावं, यावर कोणाचं दुमत नव्हतं. ते त्या बाईनं मागे ठेवलेलं आहे.

अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे पितरांची घागर भरतात. त्या वर्षी या शिपायाच्या नावानं, नाव घेऊन, पहिल्यांदा घागर भरली. दुसऱ्या घरची माणसं पुरणपोळीला आली होती. पदक आणलं होतं. दोन्ही वस्तू शेजारी ठेवून त्यांचा फोटो काढला, तो दोन्ही घरांच्या कागदपत्रांत आहे, आणि एक प्रत माझ्याकडे.

काय वेगळं करता आलं असतं

आजींना सर्वात आधी विचारायला हवं होतं. चोपड्या, नोंदी, पाटी यांत महिने गेले. कड्याची आणि पिवळ्या पदकाची गोष्ट त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. देवीचा भ्रम मोडेल या धास्तीनं घरानं त्यांना वगळलं. अशा कामात मी आता घरातल्या सर्वात म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करायला सांगतो. घरात आलेल्या सुनांना सासरचं जे सांगितलेलं असतं, ते तिथल्या मुलांना कधी कोणी सांगत नाही.

विधवेच्या घरचा विचार तर पहिल्याच आठवड्यात व्हायला हवा होता. मृत शिपायाच्या वस्तू त्याच्या जवळच्या नातलगाकडे जातात, आणि तरुण शिपायाच्या बाबतीत तो नातलग बहुधा आई-बाप किंवा बायको. बायको दुसरीकडे गेली असेल तर अर्धी सामग्री तिच्या मागे गेलेली असू शकते. कुळाच्या वंशावळीत ती दिसत नाही, म्हणून शोधात ती सुटते.

फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी थांबायला हवं होतं. नाव असलेली जुनी लष्करी वस्तू बाजारात विकली जाते हे गावात कोणाला ठाऊक नसतं, पण ज्यांना ठाऊक आहे ते ग्रुपांवर असतात.

ज्यांच्या घरी पदक आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कोरड्या मऊ कपड्यापलीकडे काही लावू नका. पदकाच्या कडेचा फोटो घ्या, पुऱ्या गोलाईचा, तिरप्या उजेडात; ताऱ्याच्या आकाराचं असेल तर मागची बाजू पाहा. अक्षरं कागदावर जशीच्या तशी उतरवा, चुकीचं वाटणारं स्पेलिंग दुरुस्त करू नका, कारण सरकारी नोंदीत तेच चुकीचं स्पेलिंग असतं. १९६५, १९७१ किंवा नंतरच्या युद्धातला माणूस असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. त्याच्या पलटणीचं अभिलेख कार्यालय कुठलं आणि अर्ज कसा करायचा हे तिथे सांगतात. एक साधी पडताळणी घरीही होते. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांना मिळालं. डिसेंबर १९७१ मध्ये मेलेल्या जवानाच्या डब्यात ते निघालं, तर ते त्याचं नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाचं तरी आहे, आणि मग त्याचाही शोध घ्यायला हवा.

शाळेच्या पाटीवर मेलेले दोन आहेत. दुसऱ्याचं नाव शोधायचं काम त्या कॉलेजच्या पोरानं हाती घेतलंय. गावातली दोन घरं त्याच्या यादीवर आहेत, आणि दोन्हीकडे तो आधी म्हाताऱ्या बायांशी बोलून आलाय.